चौकीतल्या दोन खोबणी

बोरमाळला जायचं असेल तर कारंज्याहून नागपूरकडे निघालेल्या एस.टी.त बसायचं आणि कंडक्टरला ‘चौकी फाटा’ म्हणायचं. बोरमाळ म्हटलं तर तो पुन्हा विचारतो. चौकी म्हटलं की मान वर न करता तिकीट देतो. उलट दिशेने येणाऱ्या ट्रकवाल्यांचंही तसंच. लांबच्या टेकडीवर ती काळी चौकोनी इमारत दिसली की त्यांना कळतं, कारंजा जवळ आलं, आता धाब्यावर चहाला थांबता येईल. लग्नपत्रिकेत बोरमाळच्या लोकांच्या नावापुढे ‘चौकीचे’ असं छापलेलं असतं आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

ही चौकी इंग्रजांच्या फौजेची. एक खोली, बाहेरून दगडी जिना, वर गच्ची आणि गच्चीला कमरेएवढा कठडा. एवढंच. पण बांधकाम असं की दगडांच्या सांध्यांतून मुंगीलाही वाट शोधावी लागते. फौज गेली, तिच्यामागे इंग्रज गेले, आणि टेकडीवर हा घडीव दगड बेवारस राहिला. दुसऱ्या एखाद्या गावाने तो गोठ्यांना आणि विहिरींना नेला असता. बोरमाळने एकही दगड हलवला नाही. का नाही, ते कुणी सांगू शकत नाही. गावाने चौकी आपली मानली, बस्स. सव्वीस जानेवारीला शाळेसारखं तिथंही झेंडावंदन होतं. गावातला कोणी भरती झाला की घरून निघाल्यावर तो आधी टेकडी चढतो, चौकीला सलाम ठोकतो आणि मग फाट्याची वाट धरतो.

असा सलाम ठोकून गेलेल्यांपैकी एक बापूजी. पायदळात हवालदार होऊन निवृत्त झाले, गावी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा घेऊन चौकी झाडायला गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे कधी कुणी थांबवलंही नाही.

शरयू त्या हिवाळ्यात बोरमाळला आली ती चौकीसाठीच. तिचे वडील आंजीच्या शाळेत शिक्षक, घर वर्ध्याला आणि मावशी बोरमाळला. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर तिला नागपूरच्या एका छोट्या संस्थेत काम मिळालं होतं. जिल्ह्यातल्या जुन्या वास्तू पाहायच्या आणि त्यांच्यापुढे लावायच्या फलकांचा मजकूर लिहायचा. मुक्काम कोकिळामावशीकडे. मावशी गावची सरपंच, त्यामुळे शरयूला हवी ती किल्ली, शिडी आणि माणूस मिळत असे.

चौकी कशासाठी होती, याबद्दल गावात एक जुनी गोष्ट होती. शिपाई म्हणे वरच्या गच्चीवर सूर्य धरत आणि कारंज्याला फेकत. ती सांगताना म्हातारी माणसंही हसत. शरयू हसली नाही. गच्चीच्या कठड्याला पूर्वेकडे एक आणि पश्चिमेकडे एक अशी बरोबर समोरासमोर मोकळी जागा सोडलेली तिने पाहिली. मधोमध छातीइतका दगडी खांब होता आणि त्याच्या माथ्यावर गोल खोबण कोरलेली होती. पश्चिमेच्या फटीतून पाहिलं की कारंज्याची उंच जागा नेमकी समोर यायची. तिने हिशेब मांडला, जुन्या फौजी यंत्रांची चित्रं शोधली आणि तिची खात्री पटली. इथे हेलिओग्राफ होता. म्हणजे आरशाने ऊन पकडायचं, दूरच्या टेकडीवर फेकायचं आणि त्याची उघडझाप करून एकेक अक्षर पाठवायचं. तार पोचली नव्हती तिथे निरोप असे पोचत. तेव्हा गावाची गोष्ट खरी होती. शिपाई सूर्यच फेकत होते.

हे कळल्यावर शरयूला चौकीचं वेडच लागलं. माळावरच्या उन्हात, वाऱ्यात उभं राहून दूरच्या एका ठिपक्याकडे डोळा लावून बसणारी ती माणसं तिला दिसायला लागली. वीज नाही, तार नाही, नुसता आरसा आणि शिस्त.

पण फलक पुरा होत नव्हता, कारण गच्चीवर खोबण एक नव्हती. दुसरी तिच्यापासून हातभर अंतरावर, वेगळ्या बुटक्या दगडात होती. तितकीच गोल, तितकीच काळजीने कोरलेली. आरसा एक, मग खोबणी दोन कशाला?

“लिहून टाक नं, झेंड्याची व्हय म्हून,” मावशी म्हणाली.

“झेंड्याची असेल तर लिहीन.”

“कोन येऊन राह्यलं तपासाले?”

“मीच की.”

मावशीने कपाळाला हात लावला. “तुह्या बापासारखीच हायेस वं तू. थो लगनातई घड्याळ पाहून हार घाले.”

अशात टॉवरची बातमी आली.

बोरमाळ टेकड्यांच्या वाटीत बसलेलं गाव. फाट्यावरून आत वळलं की मोबाईल मुका होतो. टॉवरसाठी गावाने किती अर्ज केले असतील त्याला सुमार नाही. अखेर एका कंपनीने जागा पाहायला माणूस पाठवला. सचिन नाव त्याचं, नागपूरचा, उन्हाने रापलेला, बोलायला मोकळा. त्याने चार टेकड्या पालथ्या घातल्या आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभेपुढे उभं राहून सांगितलं, “जागा एकच आहे. चौकीची.”

पटांगणातल्या माना टेकडीकडे वळल्या.

“चौकीच्या बाजूले लावा नं मंग,” कुणीतरी म्हणालं.

“भाऊ, टेकडीचा माथा केवढा आहे? टॉवरचा पाया, जनरेटर, कुंपण. चौकी ठेवली तर काहीच बसत नाही. गाडीरस्ता पण फक्त तिथंच जाते.”

“अन् सालईची टेकडी? ते तर चौकीपेक्षा उंच हाये.”

“पाह्यली.” सचिनने लॅपटॉप लोकांकडे वळवला. “आपल्या टॉवरले कारंज्याचा टॉवर सरळ दिसला पाहिजे. मधात काही आलं की खतम. सालईच्या अन् कारंज्याच्या मधात ही धार आहे. नकाशात आडवी येऊन राह्यली. अन् हे पाहा, तुम्ही नाही म्हणाले तर कंपनी पुढच्या गावाले जाईन. मले सोमवारी रिपोर्ट द्यायचा आहे.”

लोक बापूजींकडे पाहू लागले. शरयूही. चौकीच्या बाजूने कुणी बोलेल तर तेच, असं सगळ्यांनी धरलं होतं. बापूजी उठले. पाठ अजून ताठ होती.

“मागच्या श्रावणात हिचं आंग पडलं,” ते म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको, मनकर्णाबाई; त्यांना लकवा मारला होता. “मी फोन घेऊन चौकीवर पयालो. गच्चीवर चढलो. रेंजची एक डंडी आली, हॅलो म्हनलं का गेली. मंग खाली येऊन टॅक्टर काढला. डाक्टर म्हने, अजून थोडं लवकर आनलं असतं तर हात वाचला असता. होऊ द्या टॉवर. काऊन का दुसऱ्या कोनाचा हात जाऊ नये. चौकी दगड हाये, माह्या मनात राहीन.”

एवढं बोलून ते बसले. ठराव सोमवारच्या सभेत करायचा ठरलं, पण ते नावालाच. गावाने मनात चौकी पाडून टाकली होती.

शरयूजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं. यंत्राचा इतिहास होता, अशी वास्तू जिल्ह्यात दुसरी नाही हेही होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्या हातापुढे उभं राहत नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

संध्याकाळी ती बापूजींच्या घरी गेली. अंगणात मनकर्णाबाई खाटेवर बसून उजव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डावा हात पदराखाली होता. शेंग दातात धरायची आणि हाताने ओढायची, अशी युक्ती त्यांनी बसवली होती.

“ये वं बाई. आयकलं का आमच्या हवालदारानं काय केलं थे?” त्यांनी आत पाहत आवाज चढवला. “माह्या हाताच्या नावानं चौकी देऊन आला! मले इचारलं का? उद्या लोक म्हनतीन, मनकर्णीच्या हातानं चौकी पाडली. मेल्यावरई म्हनतीन.”

“तुह्यासाठीच बोललो नं,” बापूजी आतून म्हणाले.

“माह्यासाठी बोलाचं व्हतं तर मले इचाराचं व्हतं!” मग शरयूकडे वळून त्या हळू म्हणाल्या, “लगन होऊन आली तवा सासरचं काहीच ओळखीचं नव्हतं. वावरात असली का चौकी दिसे. थे दिसली का घर कुठी हाये थे समजे. मंग रडू थांबे.” शेंगेचा दाणा त्यांनी टोपलीत टाकला. “तू शिकेल हायेस. काई कर नं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू टेकडीवर गेली तेव्हा बापूजी झाडत होते.

“पाडायला हो म्हणालात, मग झाडता कशाला?”

“आज उभी हाये नं? उभी हाये तवरोक झाडा लागन.”

त्यांनी कोपऱ्यातला पालापाचोळा काळजीने गोळा केला. शरयू गच्चीवर गेली आणि पश्चिमेच्या फटीतून कारंज्याकडे पाहत राहिली. उजवीकडे सालईची टेकडी. तिच्यापुढे ती आडवी धार, जिच्यामुळे सगळं अडलं होतं. धारेच्या मधोमध लालभडक खाच दिसत होती, भाकरीचा घास तोडावा तशी.

“बापूजी, ती धार अशी तुटलेली का?”

“तुटली नाई, नेली. हायवे चौपदरी करत व्हते तवा. टिप्परच्या टिप्पर मुरूम गेला थितून.”

“म्हणजे आधी तिथे उंच होतं?”

“उंच? सगळ्यात उंच थेच व्हतं.”

शरयूने बापूजींना विचारलं की मुरूम नेला तो काळ कोणता, आणि मनातल्या मनात तो सचिनच्या नकाशाशी ताडून पाहिला. उंचीच्या मापांचे असे नकाशे जुन्या मोजणीवर चालतात. नकाशात धार अजून शाबूत असणार. डोंगर गेला होता, नकाशाला त्याची खबर नव्हती.

पुढच्याच एस.टी.ने ती कारंज्याला पोचली. सचिन धाब्यावर तर्रीपोहे खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

“असू शकते, मॅडम. पण ‘असू शकते’ असं रिपोर्टमधे लिहिता येत नाही.”

“इथल्या टॉवरवरून सालईची टेकडी दिसते का, ते तुम्ही बघू शकता.”

“चढलो होतो नं. सकाळी असं धुरकट राह्यते की टेकडीमागं टेकडी, सगळ्या सारख्या. सालईचा माथा कोणता अन् त्याच्या मागचा कोणता, काय सांगू?”

“आणि तिथून मी आरसा चमकवला तर?”

सचिनचा चमचा थांबला.

“सूर्याचं ऊन आहे. धुरकटातूनही टोचेल डोळ्याला. ते फक्त सरळ रेषेत येतं. दिसलं तर वाट मोकळी, नाही दिसलं तर तुमचा नकाशा खरा.”

“सोमवारी सकाळी मी वर चढतो,” तो म्हणाला. “पण दुपारी मले समुद्रपूरले जायचं आहे. उन्हं डोक्यावर यायच्या आत जे होईन ते.”

बाजारातून घेतलेला एक हातआरसा तिने त्याला दिला. मागचा पारा मधोमध खरवडून तिने त्यात मुगाएवढं भोक पाडलं होतं. “यातून सालईकडे बघायचं आणि उजेड तिकडे वळवायचा. आम्ही दिसलो तर तीनदा दाखवा.”

“आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी पाह्यलं तर हसतीन मले,” असं म्हणत त्याने आरसा खिशात घातला.

रविवारी संध्याकाळी शरयू मावशीला एवढंच म्हणाली की कपाटाचा मोठा आरसा हवा, आणि एखादा जास्तीचा असला तर बरं. मावशी सरपंच होती. तिने देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला, “ज्याच्या घरी आरसा असन त्यानं सकायी सालईच्या टेकडीवर घेऊन येजो. चौकीचं काम हाये!”

सोमवारी सकाळी सालईच्या टेकडीवर अख्खं गाव होतं. पायवाट धड नव्हती, तरी बायका भिंतीवरचे आरसे फडक्यात गुंडाळून आल्या होत्या. एकाने सलूनमधला आरसा डोक्यावरून आणला. गावातल्या पोट्ट्यांनी तर मोटरसायकलींचे आरसे काढून ढीग लावला.

“हे चालणार नाहीत,” शरयू म्हणाली. “यांची काच फुगीर असते. ऊन पसरून जातं, लांब पोचत नाही.”

“एवढे काढले नं आम्ही!”

“तुमच्या गाड्यांना आरसे व्हते हेच आमाले माहीत नव्हतं,” मावशी म्हणाली आणि टेकडी हसली.

बापूजीही आले होते. हातात दाढीचा आरसा, फौजेतला, पत्र्याच्या चौकटीतला. “हिनं देल्ला,” ते म्हणाले. “म्हने, घेऊन जा, तसंई तुमी त्यात काय पाहता.”

मावशीच्या कपाटाचा आरसा चौघांनी गोधडीतून बाहेर काढला. शरयूने पश्चिमेला, कारंज्याच्या नेमक्या रोखात, काही पावलांवर एक काठी रोवली आणि तिच्या टोकाला पांढरा रुमाल बांधला. आरशाचं ऊन रुमालावर पडलं की ते पुढे कारंज्यालाच जाणार, हा तिचा साधा हिशेब.

पण ऊन रुमालावर पडेना.

सूर्य पूर्वेला, अजून खाली, तिच्या पाठीशी. कारंजा पश्चिमेला, तोंडासमोर. आरसा कारंज्याकडे केला की त्यात सूर्यच नाही. सूर्याकडे केला की ऊन परत पूर्वेकडे. मधला कोन साधायला आरसा जवळजवळ आडवा धरावा लागत होता, आणि मग त्याच्यावरून निसटलेला उजेड इतका बारीक आणि चंचल होता की रुमालाला शिवतच निघून जायचा. चौघांचे हात भरून आले. मावशी ओरडत होती, “हळू धरा बे! माह्या लगनातल्या कपाटाचा हाये थो!” शरयूने काठी हलवली, उंची बदलली, आरसा तिरका केला. पश्चिमेकडून काहीही चमकलं नाही.

सूर्य चढत होता. दुपारनंतर तो आपणहून पश्चिमेला गेला असता आणि हेच काम सोपं झालं असतं. पण दुपारी सचिन समुद्रपूरच्या वाटेवर असणार होता. एक-दोघांनी आरसे पुन्हा फडक्यात बांधायला घेतले.

“जाऊ दे, बेटा,” बापूजी म्हणाले. “तुया कोशिशीत काई कमी नाई.”

शरयूने ऐकलं नाही. ती पलीकडे चौकीकडे पाहत होती. तिला कळेना, त्या शिपायांनी काय केलं असेल? त्यांनाही सकाळ होत होती. त्यांच्याही पाठीला सूर्य येत होता आणि तोंडासमोर कारंजाच असायचं. ते काय दुपार होईपर्यंत निरोप हातात धरून बसत होते? फौज तशी बसत नाही. त्यांनी काहीतरी केलं असणार, आणि केलं असेल तर त्याची सोय दगडात करून ठेवली असणार. हातभर अंतरावर, बुटक्या दगडात, तितकीच गोल, तितकीच काळजीने...

“दुसरा आरसा!” ती ओरडली. “बापूजी, तुमचा आरसा! दोन आरसे होते त्यांचे! एक सूर्याकडे तोंड करून, दुसरा कारंज्याकडे!”

बापूजींना अर्धंच कळलं, पण हुकूम कळला. शरयूने मावशीचा आरसा पूर्वेकडे तोंड करून दगडाला टेकवून धरायला लावला. आता तो सूर्य पूर्ण भरून घेत होता. त्याच्यासमोर, जरा बाजूला सरकून, तिने बापूजींना पाठ सूर्याकडे आणि आरसा कारंज्याकडे करून उभं केलं. मोठ्या आरशाचं ऊन बापूजींच्या छातीवर आलं, वर सरकलं आणि दाढीच्या आरशात शिरलं. त्या क्षणी तो चौकोनी तुकडा असा पेटला की पुढे उभ्या असलेल्यांनी डोळे झाकले.

“आता हलवू नका. किंचित खाली. डावीकडे. अजून थोडं.”

उजेडाचा ठिपका गवतावरून धावला, काठीवर चढला आणि रुमालावर बसला. बापूजींचा हात दगडासारखा स्थिर होता. शरयूने मावशीने उन्हाला आडोसा म्हणून धरलेली पाटी घेतली आणि आरशापुढे धरली, काढली. धरली, काढली.

सगळी टेकडी पश्चिमेकडे पाहत होती. धुरकट आभाळ, लाल खाच, तिच्यापलीकडे निळसर पट्टा. काही नाही. मावशी पुटपुटली, “त्या सचिनले झोप लागली का काय वर?”

आणि खाचेच्या बरोबर वर, निळ्या पट्ट्यात, एक ठिणगी उडाली.

दुसरी उडाली. मग बराच वेळ गेला आणि तिसरी उडाली.

टेकडीवर जो आरडाओरडा झाला तो खाली गावात उरलेल्या म्हाताऱ्यांनी ऐकला. बायकांनी बांधलेले आरसे सोडले, सलूनवाल्याने आपला आरसा डोक्यावर घेतला, पोट्ट्यांनी मोटरसायकलींचे निरुपयोगी आरसेही वर धरले, आणि ज्याला जिकडे जमेल तिकडे तो ऊन फेकायला लागला. शरयू ओरडून सांगत होती की असं ते जात नाही, कोन चुकतोय. कुणी ऐकत नव्हतं. बापूजी मात्र आपल्या जागी तसेच उभे होते, आरसा कारंज्याकडे धरून.

“बापूजी, झालं. खाली करा आता.”

“हो,” ते म्हणाले, पण आरसा खाली आला नाही. “बाई, हे असं... त्यांनी रोज केलं असन नं?”

“रोज.”

“अन् मी एवढे वर्स त्या भोकात साचलेला कचरा काढत राह्यलो.” ते स्वतःशीच हसले. “बरं केलं नं काढला थे.”

“बरं म्हणजे काय, बापूजी! ती खोबण बुजली असती तर मला आज काय सुचलं असतं?”

सचिन समुद्रपूरला जाण्याआधी बोरमाळला येऊन गेला. खाचेतून वाट मोकळी असल्याचं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने रिपोर्टमधे लिहिलं होतं. रस्त्याचा प्रश्न होता. तो कोकिळामावशीने त्याच दिवशीच्या ग्रामसभेत मिटवला. सालईच्या टेकडीपर्यंतचा रस्ता गाव श्रमदानाने करील. ट्रॅक्टर बापूजींचा, फावडी ज्याची त्याची. “आरसे आनले तसे फावडे घेऊन या,” ती म्हणाली, “फक्त मोटरसायकलचे नोका आनू.”

फलकाचा मजकूर शरयूने त्या आठवड्यात पुरा केला. दुसऱ्या खोबणीपुढे तिने लिहिलं: सूर्य पाठीशी असताना वापरायच्या जोड-आरशाची जागा. हे वाक्य ती दोनदा वाचून गेली आणि एकही शब्द बदलला नाही.

टॉवरचा पाया खणायला लागेपर्यंत उन्हाळा तोंडावर आला. गाव अजून मुकंच होतं. शरयूची वर्ध्याला परत जायची वेळ झाली, म्हणून ती निरोप घ्यायला बापूजींच्या घरी गेली. अंगणात मनकर्णाबाई खाटेवर होत्या. त्यांच्या उजव्या हातात घरातला गोल आरसा होता, आणि त्या डोळे बारीक करून टेकडीकडे पाहत होत्या.

“काय चाललंय, आजी?”

“थांब वं, बोलू नोको.”

वर चौकीच्या कठड्यातून एक ठिपका लकाकला, अंगणातल्या तुळशीवर येऊन थरथरला, भिंतीवर चढला, परत खाली आला. एकदा. मग पुन्हा एकदा.

“दोनदा म्हंजे झाडनं झालं, येऊन राह्यलो, चहा टाक,” मनकर्णाबाईंनी सांगितलं. त्यांनी आरसा मांडीवर टेकवला, कोन जुळवला आणि एकदाच चमकवला.

“आणि एकदा म्हणजे?”

“दूध नाई, घेऊन या.”

वरून बराच वेळ काही आलं नाही. मग एक लांबलचक, नाराज लकाकी आली, आणि मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.